विलायती कापसाची ओटी

थोरल्या जावेचं आणि माझं कधी पटलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही गळ्यात गळे घालू याची वाट वाचणारा बघत बसणार नाही. आम्ही गळ्यात गळे घातले नाहीत. एका घरात राहिलो, एका आडाचं पाणी प्यालो आणि एकमेकींना पाण्यात पाहिलं.

आमचं गाव झरीच्या अंगाला. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. पारावर बसलेले लोक अजून रझाकारांच्या गोष्टी सांगत, पण गोष्टींनी भाकरीचा टोपला भरत नव्हता. घरी जमीन होती ती दोन भावांना पुरणारी नव्हती. त्यामुळं दसरा झाला की एका भावानं बायको घेऊन कोयत्यावर जायचं, म्हणजे वर कारखान्याकडं ऊस तोडायला, आणि एकानं मागं राहून जमीन आणि म्हातारी बघायची, असं ठरलेलं होतं. ठरलेलं होतं म्हणजे सासूनं ठरवलेलं होतं. थोरलीला तीन मुलगे, म्हणून थोरली मागं राहायची. आम्ही जायचो.

आदल्या साली माझा पहिला मुलगा तिकडंच गेला. उसाच्या वाळल्या पाचटाच्या खोपीत त्याला ताप आला, खोकला आला, आणि गेला. मुकादमानं दुपारपर्यंत सुट्टी दिली, दुपारनंतर मोळ्या बांधायच्या होत्या. त्यानंतर मला मुलगी झाली. ती अंगावर पीत होती. तिला त्या खोपीत न्यायची नाही, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. बाकी त्या साली मला काही नको होतं.

त्याच साली गावाशेजारच्या सरकारी फार्मवर बायकांना काम निघालं. फार्म म्हणजे कापसाचे प्रयोग करायचं रान. चांगली काळी जमीन, कडेनं तार, आत पांढऱ्या खुंट्या मारलेल्या. साहेब हैदराबादकडचा होता. चष्मेवाला, सावकाश बोलणारा, मराठी पुस्तकातली. तो महिन्यातून कधीतरी येई. रोजचं राज्य जमादाराचं. जमादार आमच्याच भागातला, पूर्वी कुठल्या तरी जहागीरदाराकडं कामाला होता आणि आवाज तिथलाच घेऊन आला होता. बायकांशी बोलताना तो कायम दुसऱ्या शेताच्या बांधावर उभा असल्यासारखा ओरडायचा.

आम्ही दोघी जावा एकाच दिवशी कामाला लागलो. काम असं. एका बाजूला विलायती कापूस, म्हणजे अमेरिकन. पान रुंद, फूल दुधासारखं, बोंड मोठं. दुसऱ्या बाजूला आपला गावरान. पान हाताच्या बोटांसारखं चिरलेलं, फूल पिवळं, मध्ये तांबडा ठिपका. पाऊस हुकला की विलायती मान टाकतो. गावरान तग धरतो, पण बोंड लहान. साहेबाला दोघांचं मिळून एक झाड हवं होतं.

त्यासाठी विलायतीची उद्या उमलणारी पाती आज दुपारनंतर हुडकायची. कापसाच्या कळीला आम्ही पाती म्हणतो. तिच्या पाकळ्या नखानं खालून कापून अलगद काढायच्या. आत मधोमध एक नाजूक दांडी असते आणि तिच्या भोवती बारीक पिवळे दाणे. त्या दाण्यांत नराची पूड. उमलायच्या आधी ते सगळे दाणे चिमट्यानं काढायचे, दांडीला ओरखडा न येता. मग त्यावर कागदाची टोपी घालायची. सकाळी गावरानचं फूल आणायचं, त्याची पूड त्या दांडीच्या टोकाला लावायची, परत टोपी घालायची आणि लाल दोरा बांधायचा. धरलं तर बोंड, नाही तर पाती पिवळी पडून गळायची.

पहिल्या दिवशी साहेबानं स्वतः बसून दाखवलं. त्याची बोटं बायकांसारखी होती. तो म्हणाला, "बाई, आत एक दाणा राहिला तरी सगळं फुकट. कळलं?" सगळ्याजणी व्हय म्हणाल्या. थोरलीही म्हणाली.

साहेब गेला आणि जमादारानं आपला कायदा काढला. दसरा झाला की निम्म्या बायका कमी करणार. एका घरातली एकच ठेवणार. जिच्या ओळीत जास्त बोंडं धरतील ती उन्हाळ्यापर्यंत कायम, दुसरी बाहेर. साहेबानं हे त्याला सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्यानंच काढलं. माणसाच्या हातात काठी दिली की त्याला ती कुठंतरी मारून बघावी वाटते.

घरी ही गोष्ट कळल्यावर सासूनं चुलीपुढं बसून निकाल दिला. "जिला फारमात ठेवतील तिचा नवराबायकूचा जोडा घरी राहील. दुसरा कोयत्यावर. आता मला कुनी काय बोलायचं न्हाई."

थोरली लगेच म्हणाली, "आत्याबाई, माझी तीन लेकरं हायत."

"तुझी तीन हायत म्हून हिची एक मारायची का?" मी म्हणाले.

"बघा, बघा कशी बोलती."

"बोलू द्या," सासू म्हणाली. "बोंडं बोलतील काय ते."

तिथून सुरू झालं. मी ओळीत वाकायची ती उन्हं कलेपर्यंत वर बघत नसे. मुलगी बांधावर बोरीच्या सावलीला टाकलेली असायची, रडली तर रडायची. एक एक दाणा काढत होते. डोळे चुरचुरायचे. काढून झालं की परत फिरवून बघायची, एखादा खाली बुडाशी चिकटलेला असतो. माझ्या हाताखालून निघालेली पाती म्हणजे नुसती दांडी.

आणि माझ्या पात्या गळत होत्या. आज दोरा बांधावा आणि चार-आठ दिवसांनी तोच लाल दोरा मातीत पडलेला दिसावा. ओळीच्या ओळी गळाल्या. शेजारी थोरलीच्या ओळीत बोंडं धरत होती. हिरवी, टपोरी, दोऱ्यासकट. जमादार तिच्या ओळीत शिरला की मिशीला हात लावायचा.

"ह्याला म्हनत्यात हात! बघा गं सगळ्या. आन् ही बघा," माझ्याकडं काठी करून, "हिच्या ओळीत पानगळ झाल्यावानी. बाई, तुझ्या हाताला काय लागलंय?"

बायका हसल्या. मी म्हणाले, "तुमची नजर लागली असंल."

"जबान बघा हिची! बोंडाच्या नावानं सिफर आन् जबान गजभर."

घरी सासू यापेक्षा पुढं गेली. ती म्हणाली, "तिच्या हातात गुणच न्हाई. तिच्या हातात जे येतं ते जातं." माझ्या मेलेल्या मुलाबद्दल ती हे बोलली, हे घरातल्या सगळ्यांना कळलं. नवरा खाली बघून भाकरी मोडत राहिला. मी माझं ताट उचललं आणि जनावरांपुढं जाऊन बसले. तिथं निदान कुणी बोलत नव्हतं.

माझ्या हाताला गुण नाही, असं मलाही काही दिवस वाटलं. कुणाला सांगितलं नाही. पण वाटलं.

दसरा जवळ आला होता. एका संध्याकाळी आम्ही दोघी कामावरून परत निघालो होतो. एरवी मागं-पुढं चालायचो, त्या दिवशी ती मुद्दाम बरोबरीला आली. मन मोठं झालं होतं तिचं. जिंकल्यावर माणसाला शिकवायची हौस येते.

"तुला सांगू का गं, तुझं का गळायलंय?"

"सांगा."

"तू सगळं खरवडतीस. अगदी रितं करतीस. मी बघते ना तुला. मी तसं करत न्हाई. मी चार दानं ठेवते."

मी थांबले. "ठेवता? कुठं ठेवता?"

"आतच. बुडाशी. आगं, ओटी हाय ती फुलाची. बाईमानसानं कुनाची ओटी रिती करायची असती का? आपन ओटी भरली तरी त्यातलं मूठभर मागं ठेवतो. कुनाचं भांडं आलं तर रिकामं धाडत न्हाई. मी तीन लेकरांची आई, मी फुलाला मोकळं करू? म्हून माझ्या हाताला यश हाय. तुझं न्हाई."

ती हे खोटं बोलत नव्हती, आळसही करत नव्हती. तिची श्रद्धाच तशी होती. मूठ राखायची, हे तिच्या बोटांतच बसलं होतं. धान्य कुणाला दिलं तरी चिमूटभर परत कणगीत टाकायची, पीठ मळताना परातीत बोटभर ठेवायची. साहेबानं एक दाणाही नको म्हटलं होतं, पण साहेब हा पुरुष, त्याला ओटीचं काय कळणार, असा तिचा हिशेब.

मला कापसातलं काही कळत नव्हतं. तिचे दाणे आणि तिची बोंडं यांचा काय संबंध, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की साहेबानं सांगितलेलं तिनं केलं नाही आणि मी केलं, आणि कोयत्यावर मी जाणार.

सकाळी मी जमादाराला सांगितलं. तो माझ्यावर धावून आला. "बोंडं दिसायलेत ना डोळ्यानं? मग? तुझी एक पाती धरंना आन् तू दुसऱ्याचं वाकडं करायला निघालीस? चुगलखोर कुठली. चल, लाग कामाला." बोंडं दाखवून त्यालाही साहेबाकडून शाबासकी हवी होती. त्याला दाण्याशी काय घेणं.

मग मी साहेबाची वाट बघितली. तो आला तो दसऱ्याच्या तोंडावर. जमादार त्याला थोरलीच्या ओळीत घेऊन गेला आणि बोंडं दाखवू लागला. साहेब बोंडं हातात घेऊन उलटसुलट करून बघे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी लांबून पाहिलं. मी माझी ओळ सोडली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, माझ्या जावेच्या कालच्या टोप्या उघडून बघा."

जमादार म्हणाला, "साहेब, हिचं ऐकू नका, हिचं डोकं फिरलंय."

साहेबानं खिशातून भिंग काढलं आणि एक टोपी उघडली. मग दुसरी. मग तो उकिडवा बसून एकामागून एक उघडत गेला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "ही ओळ कोणाची?"

थोरली पुढं आली. पदर डोक्यावर नीट घेतला. तिला वाटलं, बक्षीस आहे.

"बाई, आत दाणे राहिलेत. प्रत्येकात राहिलेत. हे कसं?"

"राहिले न्हाईत साहेब, मी ठेवलेत. रितं करायचं नसतं. ओटी हाय ती." असं तिनं ताठ मानेनं सांगितलं.

जमादार हसला. साहेब हसला नाही. तो तसाच मातीत बसला आणि म्हणाला, "मग ही बोंडं गावरानची नाहीतच. विलायतीनं स्वतःच्याच पुडीनं धरलेली आहेत. बाहेरचं यायच्या आधीच घरातल्यानं जागा धरली." त्यानं जमादाराला विचारलं, "बोंडं मोजून बाई ठेवायची, हे कुणी ठरवलं?"

जमादार काठीकडं बघू लागला.

साहेबानं मग आम्हाला जवळ बोलावलं. त्यानं जे सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही आजोळच्या मराठी पाठशाळेत. पण त्या दिवशीचं मी विसरलेली नाही, कारण माझं सगळं त्याच्यावर टांगलेलं होतं.

त्यानं पात्यांना बांधायचे दोरे घेतले, लाल आणि पांढरे, आणि बांधावर आडवे मांडले. म्हणाला, झाड असो, जनावर असो, माणूस असो, त्याचं अंग डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीत असे दोरे असतात. पान चिरलेलं की रुंद, फूल पिवळं की पांढरं, हे त्या दोऱ्यांवर ठरतं. निम्मे दोरे आईकडून, निम्मे बापाकडून. एकाला एक जोडीदार. आपल्या गावरानात तेरा जोड्या. विलायतीत सव्वीस.

"म्हंजे विलायती दुप्पट मोठा?" जमादारानं विचारलं. त्याला परत मर्जीत यायचं होतं.

"दुप्पट नाही. विलायतीत दोन घरं आहेत," साहेब म्हणाला. त्यानं लाल दोरे एका बाजूला केले. "हे घर आपल्या गावरानच्या भावकीतलं. आणि हे पांढरं समुद्रापलीकडच्या रानटी कापसाचं. फार पूर्वी, माणूसही नव्हता तेव्हा, या दोघांचं कधीतरी एकदा जमलं. असं सहसा जमत नाही. तेव्हा जमलं आणि दोघांचे सगळे दोरे एकाच झाडात राहून गेले. तोच हा विलायती."

"म्हंजे निम्मा आपलाच पाव्हना की," एक बाई म्हणाली.

"निम्मा."

"मग निम्म्याला निम्मा जुळतो का न्हाई?" हे थोरलीनं विचारलं. डोकं होतं तिला. ते मी कधी नाकारलं नाही.

"लाल लालशी जुळायला बघतो. पांढऱ्याला जोडीदारच नाही," साहेबानं उरलेले पांढरे दोरे तसेच मातीत सोडले. "म्हणून बोंड गळतं. हजारातून एखादं धरतं. धरलं तरी त्याचं झाड पुढं बी देत नाही, कारण बी करताना दोऱ्यांना दोन दोन करून उभं राहावं लागतं. ज्यांना जोडी नाही ते भरकटतात."

जमादार म्हणाला, "साहेब, मानसात किती दोरे?"

"अठ्ठेचाळीस म्हणतात. बटाट्यातही अठ्ठेचाळीस."

"मग आमच्या बायकूत आन् बटाट्यात फरक काय?"

"बटाटा उलटून बोलत न्हाई," मागून एकीनं म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. साहेबसुद्धा. म्हणाला, मोजदाद सारखी असली म्हणून जीव सारखा होत नाही, दोऱ्यावर काय आहे ते महत्त्वाचं. माझी मुलगी पुढं शिकली तेव्हा तिच्या पुस्तकात माणसाचे दोरे शेहेचाळीस निघाले. त्या काळी मोजणाऱ्यांचीच चूक झाली होती म्हणे. मला त्याचं काही वाटलं नाही.

मी हसले नव्हते. माझं लक्ष पुढच्या वाक्याकडं होतं. साहेब उठला, पँट झटकली, आणि माझ्या ओळीकडं बोट करून म्हणाला, "ज्या बाईचं गळालं तिचं काम बरोबर आहे. हिला ठेवा. त्या बाईला दुसरं काम द्या."

"दुसरं काम न्हाई साहेब," जमादार म्हणाला. ते खरं होतं. दसऱ्यानंतर दुसरं काम नव्हतंच.

साहेबानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "बघा काय ते," आणि जीपकडं गेला. शिकलेल्या माणसांचं हे मी पुढंही पाहिलं. ज्ञान सांगायला ते मातीत बसतात, पुढचं निस्तरायला जमादार असतो.

थोरलीनं तोंड उघडलं ते घरी आल्यावर. ओसरीवर उभी राहून, शेजारपाजार ऐकेल असा.

"मी हिला माझी रीत सांगितली. बहीन समजून सांगितली. आन् हिनं ती नेऊन साहेबाला विकली. तीन लेकरं पाचटात घालायला निघाली ही सटवी."

"माझं गेलं तवा तुमी कुठं होता?" मी विचारलं. "तवा तुमी इथं बसून पुरनाचं खात होता. दिवाळी होती."

"मी मारलं का त्याला?"

"न्हाई. पर पुढल्या साली परत मीच जायचं, हे तुमी बोलला. तुमच्या तोंडानं बोलला."

सासू मध्ये पडली. "घर फोडलंस तू. दोन भावांत विस्तव टाकलास."

"आत्याबाई, निकाल तुमीच दिला. बोंडं बोलतील म्हनालात. बोलली बोंडं."

सासूनं हातातलं उलथनं माझ्याकडं फेकलं. लागलं नाही. मी ते उचलून चुलीजवळ ठेवलं, कारण संध्याकाळच्या भाकरी मलाच करायच्या होत्या.

माझा दीर शांत माणूस होता. तो म्हणाला, "ठरलं ते ठरलं," आणि गाडीचं चाक बघायला गेला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ते निघाले त्या सकाळी मी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. गाडीत भांडी, गोधड्या, तिन्ही पोरं वरती. मोठ्याला अजून ऊस म्हणजे खाऊ वाटत होता, तो खुशीत होता. थोरलीनं गाठोडं माझ्या हातून घेतलं, माझ्याकडं न बघता. वेशीबाहेर गेल्यावर तिनं त्या भाकरी कुत्र्यांना टाकल्या. हे मला सासूनं सांगितलं, त्याच दिवशी, मुद्दाम.

मी फार्मवर गेले. सगळा हिवाळा गेले. माझ्या ओळीत अखेरीस एक बोंड धरलं, वेडंवाकडं, आत जेमतेम सरकी. साहेबानं ते स्वतःच्या हातानं खुडलं आणि डबीत घालून नेलं. पुढच्या पावसात ते पेरलं. थोरलीच्या बोंडांची सरकीही पेरली, साहेबाला सगळ्यांना दाखवायचं होतं. तिची सगळी झाडं विलायतीच निघाली, आईसारखी हुबेहूब. माझं झाड वेगळं उगवलं. पान धड चिरलेलं नाही, धड रुंद नाही. पण वाढलं असं की पुरुषाच्या डोक्यावर गेलं. फुलांनी लगडलं. फुलं उमलायची आणि गळायची. एक बोंड लागलं नाही. बायका येऊन त्याच्याकडं बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या, जसं काही कुणाच्या घरचं उघड्यावर आलंय.

साहेब म्हणाला, एका कंदाचं विषारी औषध असतं, ते लावलं तर दोरे दुप्पट होतात, प्रत्येकाला जोडी मिळते आणि असं झाडसुद्धा बी देतं. करून बघू म्हणाला. मग त्याची बदली झाली. नवा साहेब आला त्याला उसाची हौस होती. जमादारानं ते झाड उपटून बांधावर टाकलं. मी त्याचं सरपण केलं. ओलं होतं, धूर फार झाला.

आता थोरलीचं. ते लोक पाडवा झाल्यावर परत आले. पाचीजणं जिवंत आली. हे स्पष्ट लिहिते, कारण ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मेलं असणार, नाही तर ही म्हातारी सांगते कशाला. कुणी मेलं नाही. धाकटा वाळला होता, मोठ्याच्या पायाला कोयता लागलेला होता तो बरा झाला होता. थोरलीचे तळवे पाचटानं चिरले होते. तिनं आल्या आल्या अंगणात दुसरी चूल मांडली. विटा स्वतः आणल्या. सासू तिच्या चुलीवर जेवू लागली.

माझी मुलगी तोवर चालायला लागली होती. ती थोरलीच्या चुलीकडं दुडदुडत जायची. थोरली तिला हाकलत नसे, घासही देत नसे. स्वयंपाक करत राहायची.

त्याच साली दसऱ्याच्या तोंडावर जमादार स्वतः घरी आला. नव्या साहेबाला कापसाबरोबर नवी लागणही करायची होती, बायका जास्त हव्या होत्या. म्हणाला, दोघी या. एका घरातली एकच, हे आता नाही. मी थोरलीला सांगायला अंगण ओलांडून गेले. चूल वेगळी झाल्यापासून पहिल्यांदा तिच्यापुढं उभी राहिले. हे मी प्रेमानं केलं नाही. दोघींची मजुरी आली असती तर कुणालाच कोयत्यावर जावं लागलं नसतं, सरळ गोष्ट होती.

"जाऊबाई, जमादार बोलवायलाय. दोघींना. या दसऱ्याला कुनी जायची गरज न्हाई."

ती भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"तुझ्यासंगं एका बांधावर बसून भाकर खायची न्हाई मला," ती म्हणाली. "त्याच्यापरीस ऊस बरा. ऊस चुगली करत न्हाई."

"लेकरं हायत तुमची."

"माझी हायत. तुझी न्हाईत."

"मोठ्याला शाळंत घालायचं म्हनत होते भावजी."

"जा तुझ्या चुलीकडं. धूर व्हायलाय."

दिरानं तिला समजावलं, हे मला भिंतीतून ऐकू आलं. तो घरात कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. उपयोग झाला नाही. त्या दसऱ्याला ते स्वतःहून गेले. त्याच्या पुढच्या सालीही गेले. मग त्यांची ती वहिवाटच झाली. मोठा शाळेत गेला तो पावसाळ्यापुरता, दसऱ्यानंतर उसात. धाकटे तर गेलेच नाहीत. एका आईच्या दोन मुलांची दोन घरं, एक अंगण मध्ये. आमच्या बाजूला दप्तर आणि त्यांच्या बाजूला कोयता. लोक म्हणतात, मी त्यांना तिकडं ढकललं. पहिल्या साली ढकललं, ते मी मान्य करते आणि परत तशी वेळ आली तर परत ढकलीन. दुसऱ्या साली दार उघडं होतं.

त्या दुसऱ्या दसऱ्याला गाडी जुंपली तेव्हा मी दारात उभी होते. भाकरी बांधल्या नव्हत्या. थोरली पुढं बसली होती, दिराच्या शेजारी, धाकटा मांडीवर. माझ्यासमोरून गाडी गेली. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, नजर न वळवता. मीही वळवली नाही. मग दिरानं बैल हाणले.

मी फार्मवर गेले. पोचायला उशीर झाला, म्हणून जमादारानं माझी अर्धी हजेरी लावली.